चौथी खिडकी

"तो नमुना मी मोडलेला नाही," उंबऱ्याच्या आत पाय ठेवायच्या आधीच ती बाई म्हणाली. "आणि मोडायचाच असता तर चारचौघांत मोडला असता. चोरून कशाला?"

वहिनींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बसा आधी. भांडण बसूनही करता येतं."

बाई बसली. पस्तिशीची, दंडाला पीळ असलेली, नखांत डांबर. धक्क्यामागच्या बोळात तिचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता आणि सगळे तिला होडीवाली म्हणूनच ओळखत.

इथं एक खुलासा करायला हवा. वहिनी म्हणजे कुणा एकाची वहिनी नव्हे. खासगी तपासाची ही कचेरी त्यांच्या नवऱ्यानं काढली, डोकं मात्र पहिल्या दिवसापासून वहिनींचं चाललं. नवरा गेल्यावर पाटी तेवढी बदलली. धाकटा दीर मदतीला म्हणून आला तो राहिलाच. तो 'वहिनी' म्हणायचा, म्हणून पोलिसांपासून पाकीटमारांपर्यंत सगळेच म्हणायला लागले. आणि त्या त्याला 'भाऊजी' म्हणायच्या, म्हणून तो साऱ्या गावाचा भाऊजी झाला. भाऊजी मनानं सोनं. फक्त त्यांच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागायचा.

"कसला नमुना?" भाऊजींनी विचारलं.

होडीवालीनं सांगितलं ते असं. ओस पडत चाललेला जुना धक्का पुन्हा नांदता करायचा, आणि तो कसा करायचा हे तिथं राहणाऱ्यांनीच ठरवायचं, असं नगरपालिकेनं मान्य केलं होतं. रहिवाशांची समिती झाली. सभागृहात मोठ्या टेबलावर अख्ख्या धक्क्याचा लाकडी नमुना करायचा ठरला. ज्याचं घर त्यानंच मोजायचं आणि ज्याचं घर त्यानंच करायचं. मग तो नमुना समोर ठेवून काय राखायचं, काय हलवायचं त्याचा निर्णय.

"कारखान्यांना नियम एकच," ती म्हणाली. "पाण्याकडे जायची स्वतःची वाट असेल तो राहणार, नसेल तो शहराबाहेर. माझ्या आणि पाण्याच्या मध्ये अख्खी बेकरी उभी आहे. होडी गाडीवर चढवून पुलापर्यंत वळसा घालते मी. म्हणजे मी नमुन्यातच नाही! डोकं फिरलं माझं. भर सभेत म्हटलं, असला नमुना मोडून चुलीत घाला."

"आणि दुसऱ्या दिवशी तो मोडलेला सापडला," वहिनी म्हणाल्या.

"परवा सकाळी. शेजारी माझा लाकडी हातोडा." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लोकांनी दोन दिवस खपून नमुना पुन्हा केलाय. आज संध्याकाळी सभा आहे. नमुना पक्का होणार आणि मला समितीतून काढणार. नासधूस करणाऱ्या बाईला बदली जागाही द्यायची नाही म्हणतात. बाबांनी हयात घालवली त्या कारखान्यात. मला भीती वाटतेय, वहिनी. खोटं कशाला सांगू?"

वहिनी उठल्या. त्यांनी पर्स उचलली. भाऊजींनी बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

*

धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर भाऊजींच्या लक्षात आलं की इथं कुणी कुणाकडे सरळ बघत नाहीये. दोन बायका नळाशी बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. एक खिडकी अर्धी उघडली आणि होडीवाली दिसताच लागली.

"परवापासून असंच," ती म्हणाली. "माझ्याशी बोललं तर आपल्यावर येईल असं वाटतं त्यांना."

कारखाना म्हणजे दगडी, उंच छपराची पडवी. तिची दारं एवढी थोरली की आतून एक घर बाहेर काढता आलं असतं. भाऊजींनी जोर लावून एक दार उघडलं आणि हसू लागले. समोर हातभर अंगण, आणि मग सरळ बेकरीची मागची भिंत.

"अहो, हे काय! एवढं दार कशाला, भिंतीला नमस्कार करायला?"

"बाबांनी ही पडवी विकत घेतली तेव्हापासून अशीच आहे. ते म्हणायचे, बांधणारा एक तर मूर्ख असेल नाही तर पिऊन असेल."

वहिनी मात्र खाली बघत होत्या. फरशीत दोन खोल, गुळगुळीत झालेल्या खाचा होत्या. पडवीच्या मधून निघून त्या दाराबाहेर आल्या, अंगण ओलांडलं आणि बेकरीच्या भिंतीशी जाऊन थांबल्या.

"पाणी वाहून जायला असतील," भाऊजी म्हणाले.

"असतील. हातोडा कुठं टांगलेला असायचा गं?"

"इथं, दाराजवळ. शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. माझ्याकडे येतंय कोण? गिऱ्हाईकं, तीही हल्ली कमीच. आणि बेकरीवाला दादा. रोज सकाळी पाव घेऊन येतो, पुरा वळसा घालून. या सगळ्या प्रकरणात माझी बाजू घेऊन बोलणारा तो एकटा."

*

सभागृहाला कुलूप नव्हतं. सगळ्यांची वस्तू सगळ्यांसाठी उघडी, असं समितीनं मोठ्या थाटात ठरवलं होतं. आता अध्यक्षांना त्याचा पश्चात्ताप होत असावा. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अजूनही ते बोलताना समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटायचं.

"पुराव्याला आणखी काय हवं?" ते म्हणाले. "हातोडा तिचा, धमकी तिची. मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

"तुमचा जन्म इथलाच?" वहिनींनी विचारलं.

हेडमास्तर गडबडले. "नाही. महापुरात जुनी वस्ती सगळी उठून गेली. आता आहेत ते सगळे त्यानंतर आलेले, मीसुद्धा. जुनी म्हणाल तर एक बेकरी तेवढी. पण त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. उगीच आपलं."

टेबलावर नवा नमुना मांडला होता. पाण्याच्या कडेनं घरांची ओळ. कुणाचं सुबक, कुणाचं ओबडधोबड. त्याच्यावर वाकून एक तरुण आर्किटेक्ट कागदाची झाडं चिकटवत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाला डिंक.

"एक खरं सांगू का?" तो म्हणाला. "मोडला ते एका अर्थी बरंच झालं."

भाऊजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. वहिनींनी लक्ष दिलं नाही.

"म्हणजे काय," तो घाईनं म्हणाला, "पहिला नमुना नीट बसतच नव्हता. जुने नकाशे पुरात गेले, म्हणून तर लोकांकडून घरं करून घ्यायची कल्पना काढली मी. पण लोकांची मापं! सगळी घरं ओळीत मांडली तर बेकरी आणि गोदामाच्या मध्ये दोन बोटं फट. शेवटी मी लाकडाचा ठोकळा घातला आणि सगळ्यांना सांगितलं, सभा झाली की टेप घेऊन स्वतः मोजून येतो. आता ती गरजच राहिली नाही. या वेळी ओळ कशी चपखल बसलीय बघा."

"सगळ्यांनी पुन्हा मोजलं वाटतं?"

"छे, वेळ कुठं होता? जुनीच मापं घेऊन बसले सगळे. सगळ्यात आधी बेकरीवाल्यानं आणून दिलं, परवा दुपारीच. मागच्या वेळी त्याच्या आईनं केलं होतं. म्हातारी चार खिडक्यांऐवजी तीनच काढून बसली होती. मी म्हटलं, जाऊ दे, वय झालं."

"आणि परवा संध्याकाळी काय व्हायचं होतं इथं?"

"घरओळख. प्रत्येकानं आपल्या घराशी उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. आता ते रद्दच."

मोडलेले तुकडे एका खोक्यात भरून कोपऱ्यात ठेवले होते. वहिनींनी ते फरशीवर ओतले आणि पदर खोचून खाली बसल्या. प्रत्येक घराचा तळ जाड फळीचा होता, त्यामुळे भिंती फुटल्या तरी तळ शाबूत राहिले होते. त्यांनी एकेक तळ उचलून नव्या नमुन्यातल्या घराखाली धरून पाहिला. गोदाम, जुळलं. हेडमास्तरांचं घर, जुळलं. न्हाव्याचं दुकान, जुळलं. भाऊजी एका डुगडुगत्या स्टुलावर बसले होते. त्यांनी ढिगातून एक करडा, रंग न दिलेला ठोकळा उचलला आणि स्टुलाच्या पायाखाली सारला.

"आता कसं निवांत झालं," ते म्हणाले.

"भाऊजी, म्हातारीच्या घराचा रंग कुठला होता ते विचारा बरं."

"पिवळाधमक," आर्किटेक्ट परस्पर म्हणाला.

वहिनींनी ढिगात पुन्हा हात फिरवला. हिरव्या, निळ्या, तांबड्या कपच्या होत्या. मग त्या उठल्या, हात झटकले आणि भाऊजींकडे वळल्या. "उठा. आणि तो ठोकळा घेऊन चला."

"अहो, आत्ता कुठं नीट बसलो होतो!"

*

बेकरीशेजारचं गोदाम एका हॉटेल कंपनीनं घेतलं होतं. कंपनीचा साहेब बाहेरच सापडला. कडक इस्त्रीचा, बोलताना डोळे नदीवर.

"सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी मी सभागृहात गेलो होतो, हेही तुम्हाला कुणीतरी कानात सांगितलं असेल."

कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी मान डोलावली, जणू सांगितलंच होतं.

"गेलो होतो तक्रार करायला. त्या पोरानं तो ठोकळा माझ्या गोदामाला चिकटवून ठेवला होता. बघणाऱ्याला वाटावं, कंपनीनं कुणाची तरी जागा लाटली. माझं गोदाम सर्व्हेयर लावून मोजलंय, बाई. केसभर चूक नाही. आणि नमुना मोडून माझा काय फायदा? तो पक्का झाल्याशिवाय मला वीट रचता येत नाही. मलाच घाई आहे."

"मग तुमच्या मते कुणी मोडला?"

"मला काय विचारता? या धक्क्यावर सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. मी असल्या ठिकाणी पाकीट पुढच्या खिशात ठेवतो."

पुढे गेल्यावर भाऊजी कुजबुजले, "हाच! फार गोड कारणं देतोय."

"गोड? मला तर कडू वाटली. खरी माणसं अशीच तुसडी बोलतात कधी कधी."

*

बेकरीत पावाचा वास असा दरवळत होता की भाऊजी संशयबिंशय पार विसरले. बेकरीवाला गोलमटोल, हसरा, कोपरापर्यंत पिठानं माखलेला. त्यानं दोघांना आग्रहानं बसवलं आणि गरम पाव पुढे ठेवले.

"ती पोर असलं काही करणारच नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून बघतोय मी तिला. तोंडानं फटकळ, पण मन साफ. आज सभेत मी तिच्या बाजूनं बोलणार, कुणाला राग येवो नाही तर लोभ."

"मोडलेला नमुना पहिल्यांदा तुम्हीच पाहिलात ना?"

"हो ना. सभेसाठी पाव ठेवायला गेलो होतो सकाळी. काय सांगू तुम्हाला! सगळ्यांची घरं फोडून टाकलेली. माझ्या आईच्या घराचा तर पार चुरा. पिवळ्या कपच्या विखुरलेल्या सगळीकडे. बघवेना मला."

"अरेरे," वहिनी म्हणाल्या. "पीठ कुठं ठेवता हो तुम्ही? मला आपली उगीच उत्सुकता."

पिठाची खोली बेकरीच्या एका अंगाला होती, गोदामाला लागून. लांबलचक, अरुंद, एका टोकाला नवी थोरली भट्टी आणि दुसऱ्या टोकाला धक्क्याकडची खिडकी. गोण्या खाली पाचरी सारलेल्या फळ्यांवर ठेवल्या होत्या. फरशीवर वर्षानुवर्षांच्या पिठाचा थर दगडासारखा घट्ट बसला होता. भाऊजींनी ऐटीत टेकायला म्हणून एक रिकामा डबा आडवा केला. डबा हातून सुटला आणि भट्टीकडून खिडकीकडे गडगडत गेला.

"अहो, धरा धरा!"

"जुनं बांधकाम," बेकरीवाला हसत म्हणाला. "सगळंच वाकडं."

"पुढच्या दुकानातल्या फरशीवर मी गोटी ठेवली असती तरी हलली नसती," वहिनी म्हणाल्या, पण एवढ्या हळू की ते भाऊजींनाच ऐकू गेलं.

बाहेर पडताना त्या रस्त्यावर थांबून बेकरीकडे बघत राहिल्या. दर्शनी भिंतीला तीन खिडक्या दगडी कमानीच्या, आणि चौथी, पिठाच्या खोलीची, साधी चौकटीची. तिच्या पायथ्याशी, बेकरीनं टेबलं मांडली होती तिथून, दगडी उतार पाण्यात उतरत होता.

दाराशी खुर्ची टाकून बेकरीवाल्याची आई बसली होती. वहिनी तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"आजी, नवं घर पाहिलंत का नमुन्यातलं?"

"पाहिलं. ते माझं घर नव्हे."

"का हो?"

"मी नवरी होऊन या घरात आले तेव्हा..."

"आई!" बेकरीवाला दारात आला होता. "ऊन लागेल. आत चल बघू. तिला हल्ली काही आठवत नाही हो, सकाळी जेवली की नाही तेही नाही."

म्हातारीनं वहिनींकडे पाहिलं. मुलानं खांद्याला धरून उठवलं तशी मुकाट्यानं आत गेली.

"बिच्चारी," भाऊजी म्हणाले. "वय वाईट हो. पण मुलगा किती जपतो बघा!"

"फार जपतो," वहिनी म्हणाल्या. "तिला कुणाशी एक अख्खं वाक्य बोलू देत नाही."

*

सभेला झाडून सगळे आले होते. होडीवाली दाराजवळ एकटी बसली होती. तिच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. बेकरीवाला मात्र मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसला आणि सगळ्यांकडे धिटाईनं पाहिलं. आईला त्यानं आणलं नव्हतं. वहिनींनी भाऊजींना मागच्या मागं धाडलं होतं, त्यामुळे हेडमास्तर घसा साफ करत होते तेवढ्यात भाऊजी म्हातारीला हाताला धरून घेऊन आले. बेकरीवाल्याचा चेहरा क्षणभर पिठासारखाच झाला.

"ठरावाआधी मला थोडं बोलायचंय," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तो ठोकळा द्या. आणि याला नमुन्यात जागा शोधा."

भाऊजी टेबलाभोवती फिरले. "जागा कुठंय? ओळ गच्च बसलीय."

"तेच तर. आधी ओळीत दोन बोटं फट होती. आता नाही. मधल्या काळात धक्का काही आकसला नाही, म्हणजे कुठलंतरी घर रुंदावलं. कुठलं? मोडक्या घरांचे तळ मी नव्या घरांशी लावून पाहिले. सगळे जुळले. फक्त एक जुळला नाही, कारण तो नव्हताच. बेकरीचा."

खुर्च्या करकरल्या.

"नुसता तळ नव्हे," वहिनी पुढे म्हणाल्या. "त्या खोक्यात पिवळी कपचीसुद्धा नाही. आणि या बेकरीवाल्यांनी मला सांगितलं की पिवळ्या कपच्या सगळीकडे विखुरल्या होत्या. खोटं बोलायचं तर माणसानं थोडं कमी बोलावं. बाकीची घरं फोडली, पण एक घर फोडलं नाही, उचलून नेलं. ज्याच्याकडे दिवसभर भट्टी पेटलेली असते त्याला लाकडाची विल्हेवाट लावणं अवघड नाही."

"पण कशासाठी?" आर्किटेक्ट उभा राहिला. "आईचं माप चुकलं होतं तर मला सांगायचं, मी बदललं असतं!"

"तिचं माप चुकलंच नव्हतं, बाबा. तू सगळ्यांसमोर म्हणालास ना, टेप घेऊन मोजायला जातो? आणि दुसऱ्या संध्याकाळी आजी आपल्या घराशी उभी राहून त्याची गोष्ट सांगणार होती. एकटं तिचं घर बदललं असतं तर तिनं तिथल्या तिथं विचारलं असतं, का बदललं म्हणून. तेव्हा सगळंच मोडायला हवं होतं. तिचं घर त्या गर्दीत हरवायला."

त्या म्हातारीकडे वळल्या. "आजी, आता कुणी मध्ये बोलणार नाही. तुमच्या घराला खिडक्या किती?"

"तीन," म्हातारी म्हणाली. आवाज बारीक होता पण डगमगत नव्हता. "तिसरीला लागून वाट होती. मागच्या पडवीतून होड्या निघायच्या, दगडाच्या खाचांवरून घसरत, आमच्या भिंतीला चाटून पाण्यात. मी खिडकीतून बघायची. पुरानंतर माणसं गेली, पडवी ओस पडली. ह्यांनी दोन्ही टोकांना भिंती घातल्या. म्हणाले, परत येतील लोक तेव्हा पाडू."

भाऊजींच्या डोक्यात उजेड पडला तो असा की त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"डबा! अहो वहिनी, तो डबा!"

"हो, भाऊजी. पीठ ठेवायच्या खोलीला उतरती फरशी कोण करेल? कुणीच नाही. ती खोली म्हणून बांधलीच नव्हती. आणि भिंतीकडे तोंड करून एवढी दारं बांधणारा मूर्ख नव्हता. त्याच्या वेळी तिथं भिंत नव्हती. गोदाम केसभरही चुकीचं मोजलेलं नाही, बेकरी म्हातारीनं अचूक केली होती, आणि मधली ती दोन बोटं म्हणजे सगळ्या धक्क्याची वाट."

हेडमास्तर उठले. "हे डोळ्यांनी पाहायला हवं," ते म्हणाले, आणि अख्खी सभा रस्त्यावर आली.

पिठाच्या खोलीत होडीवालीनं स्वतःच खुरपं घेतलं. पिठाचा थर कपच्या कपच्या निघाला. खाली दगड, आणि दगडात दोन खोल, गुळगुळीत खाचा, भट्टीखालून निघून सरळ खिडकीकडे गेलेल्या. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"म्हणजे माझ्या कारखान्याला वाट आहे," ती म्हणाली. "होतीच."

"आहे," हेडमास्तर म्हणाले. घसा पुन्हा साफ केला. "नियम म्हणजे नियम. कारखाना राहील. आणि माझं चुकलं, बाई."

ती बेकरीवाल्याकडे वळली. "हातोडा तूच उचललास ना, दादा? पाव द्यायला आलास तेव्हा?"

तो भट्टीला टेकून उभा होता. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"वाट उघडली तर ही भट्टी पाडावी लागेल," तो म्हणाला. "सगळा धंदा हिच्यावर आहे माझा. कुणाच्यातरी नावावर जायला हवं होतं ते. आणि तुला काय फरक पडणार होता? तू तशीही जाणारच होतीस गं."

"जाणारच होते," होडीवाली म्हणाली. "पण नासधूस करणारी म्हणून नाही. रोज सकाळी माझ्याच ओट्यावर बसून चहा घेतलास तू. परवाही. तुझ्याकडे बघून मला वाटायचं, सगळं जग उलटलं तरी हा एक आहे."

तो हातावरचं पीठ झटकत राहिला.

"वाट पुन्हा उघडावी, असा ठराव मी मांडतो," हेडमास्तर म्हणाले. "इथंच, आत्ताच. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

लोक चुळबुळले. याच भट्टीचा पाव सगळ्यांच्या घरी जात होता. न्हाव्यानं आर्किटेक्टकडे पाहिलं, आर्किटेक्टनं फरशीकडे. कंपनीचा साहेब नदीकडे बघत राहिला. पहिला हात कुणालाच वर करायचा नव्हता.

मग म्हातारीनं भाऊजींच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि मुलाच्या डोळ्यांत बघत तो वर केला.